ब्लॉगला तुमचं नाव दिलं तेव्हा

मामाजी,

तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. सकाळी आत्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून वर, शटरच्या डोक्याकडे बघत होती. तिथे आजवर कधी पाटी नव्हती. मला म्हणाली, "तुह्या ब्लॉगवर जे नाव आहे ना, तेच इथं रंगवून घेऊ. पेंटरले फोन कर. तेरवीच्या आत झालं पाह्यजे." मी हौ म्हटलं. फोन अजून केलेला नाही.

ते नाव मला कसं मिळालं हे आत्याला माहीत नाही. आजवर ते तुम्हाला आणि मला माहीत होतं, आता एकट्या मला आहे. पाटी रंगायच्या आधी तिला सांगायचं की नाही, तेवढं ठरवण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. वहीत लिहिते आहे, ब्लॉगवर नाही. तुम्ही म्हणायचात, "प्रनाली बोलते कमी अन् खोडते जास्त." या पानावरही पुष्कळ खोडलं आहे.

कोंढ्याहून मी भंडाऱ्याला आले तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. ॲडमिशनच्या दिवशी बाबा धानाच्या लावणीत अडकले होते. बाबा नाहीत म्हणून आत्याचा नवरा आला, म्हणजे तुम्ही. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पालक कोण?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिशातून पेन काढलं, सही केली, आणि बाहेर आल्यावर म्हणालात, "आता तू नापास झाली तं मले बोलावतीन, पाहा बरं." तो फॉर्म भरताना मी दोनदा चुकले होते. तुमची सही एका दमात झाली. तेव्हा तुमचा हात कधीच घसरत नव्हता.

आत्याच्या घरी राहायचं म्हणजे दुकानावर राहायचं. खाली एका शटरचं पितळी भांड्यांचं दुकान, वर दोन खोल्या. तुम्ही दाराशी पोत्यावर बसून भांड्यांवर नावं घालायचात. बारीक छिन्नी, छोटी हातोडी आणि मांडीवर आडवा धरलेला गुंड, पाणी भरायचा पितळी हंडा. बाजारात सगळ्यांकडे नावं कोरायची मशीन आली होती, तिचा आवाज दात काढणाऱ्या डॉक्टरकडे येतो तसा. तुमच्याकडे नुसतं टिक टिक टिक. माझी अभ्यासाची जागा बरोबर त्यावरच्या खोलीत होती. पहिले आठ दिवस मला तो आवाज सोसवेना. नंतर त्याच्याशिवाय वाचलेलं डोक्यात जाईना.

दुसऱ्या वर्षाला सरांनी प्रोजेक्ट दिलं. प्रत्येकाने एका छोट्या धंद्याचा ब्लॉग काढायचा, तोही खऱ्या धंद्याचा. वर्गातल्या पोरापोरींच्या घरी किराणा होता, मेडिकल होतं, झेरॉक्स होतं. आमच्या घरी धान होतो. मी जेवताना हळूच विषय काढला.

तुम्ही विचारलं, "ब्लॉग म्हंजे काय वो?"

"भिंतीसारखं असते मामाजी. आपन लिहायचं, कोनीही वाचायचं."

"कोनीही म्हंजे गोंदियातलेही?"

"गोंदियातले, अमेरिकेतले, सगळे."

"अमेरिकेचं राहू दे. तिरोड्याचे लोक वाचतीन का ते सांग."

हे का विचारलंत ते मला आत्याने नंतर सांगितलं. भंडारा-गोंदिया जिल्हा एक होता तेव्हा तिकडची माणसं ऑफिसच्या कामाला भंडाऱ्याला यायची, आणि एसटीला वेळ असला की पोरीच्या लग्नाची भांडी बघायला दुकानात डोकवायची. जिल्हा तुटला आणि ती माणसं गोंदियाला जाऊ लागली. कुणी भांडून गेलं नाही, नुसती यायची बंद झाली. तुम्ही त्यांची नावं अजून घ्यायचात. "आमगावचा तो उंच मानूस, चार पोरीइचा बाप. चौथीचं झालं का नसन कोन जाने."

म्हणून तुम्ही ब्लॉगला हो म्हणालात. आणि मग नावावर आपली गाडी अडली ती अडलीच.

सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. नाव छोटं हवं. ऐकलं की लिहिता आलं पाहिजे. धंदा कशाचा ते कळलं पाहिजे. दुसऱ्या कुणाचं नसावं. आणि शेवटचं, त्याला काही अर्थ असावा. मी वहीत दोन पानं भरली. रोज संध्याकाळी दुकान आवरताना मी वाचायची आणि तुम्ही एकेक कापायचात.

"लखलख."

"साबन विकून राहिलो का आपन?"

"झंकार."

"हे तं बँडवाल्याचं आहे. वरातीले बोलावतीन."

"सुवर्णपितळ."

इथे तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "पितळेले सोनं म्हननारा मानूस भामटा असते. हे खोड. आत्ताच खोड."

"वारसा" वाचलं तेव्हा आत्या चुलीपासून, म्हणजे गॅसपासून, ओरडली, "हे तं तलाठ्याच्या टेबलावरचं वाटते वो!" आपण तिघंही हसलो. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही. आत्याने पाणी दिलं. दिवाळी नुकतीच झाली होती. तेव्हा तो खोकला मला नुसता खोकलाच वाटला.

एकदा मी चिडून म्हटलं, "मंग तुम्हीच सांगा, नाव कसं असते?"

तुम्ही एक जुनी परात काढलीत, तिच्या काठावरचं नाव माझ्या बोटाखाली धरलंत आणि विचारलंत, "हे नाव कायले टाकलं सांग."

"कोनाची आहे ते समजावं म्हनून."

"ते तं आहेच. पन कायले समजावं?"

मी परात फिरवून बघितली.

"लग्नात गावभराचे भांडे एका ठिकानी जमा होतात. पंगत उठली की सगळे सारखेच दिसतात, खरकटे. नाव असलं तं भांडं आपल्या घरी वापस येते. नाव चांगलं की वाईट, अर्थ आहे का नाही, भांड्याले काही घेनंदेनं नाही. वापस आनते ते नाव."

मी ते तसंच सरांना सांगितलं. वर्गात पहिल्यांदा आपणहून हात वर केला होता. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मामाजी, हे मी तुम्हाला सांगायचं राहून गेलं. घरी आले तेव्हा तुमच्यापुढे गिऱ्हाईक होतं आणि नंतर मला लाज वाटली.

त्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं की ब्लॉगला तुमचंच नाव द्यावं. नुसतं मोतीराम. पुढे भांडी भांडार वगैरे काही नाही. तिकडची जुनी माणसं दुकानाला काय म्हणायची? पाटी तर नव्हतीच. मोतीरामकडे जाऊ, म्हणायची. म्हणजे त्यांना परत आणणारं नाव तेच होतं. मला ते इतकं बरोबर वाटलं की मी धावत खाली आले.

तुम्ही मान वरही केली नाहीत. "नाई."

"काहून?"

"एकटं नाव नाई टाकत."

तेव्हा मला कळलं की दीड वर्ष वरून टिक टिक ऐकूनही खाली काय लिहिलं जातं ते मी बघितलंच नव्हतं. तुम्ही तीन भांडी ओळीने मांडून दाखवलंत. लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, पुढे 'यांजकडून'. घरच्या भांड्यावर माणसाचं नाव आणि गाव. तिसरी एक वाटी होती, तेरवीला नातेवाइकांत वाटतात त्यातली. तिच्या पोटावर मधोमध एक नाव, आगेमागे काही नाही.

"याचं गाव काहून नाई?" मी विचारलं.

"त्याले आता कुठलं गाव?" तुम्ही म्हणालात आणि वाटी पालथी घातलीत. "जित्या मानसाचं नाव असं उघडं नाई सोडत, पोट्टी. मह्या बापानं शिकवलं. तू लिही काहीतरी झगमगीत, चालन."

मी वाद घातला. ब्लॉग म्हणजे भांडं नव्हे, ते कोरलेलं नसतं, केव्हाही पुसता येतं, असं बरंच बोलले. कॉलेजात शिकते म्हणून बोलले असेन. तुम्ही ऐकून घेतलंत. शेवटी म्हणालात, "पुसता येते तं मंग नाव कायचं ते?" तो वाद तिथेच राहिला आहे.

आता ती दुपार.

संक्रांत जवळ आली होती. वाणासाठी बायका छोट्या वाट्या घेतात आणि प्रत्येकीला वाटीवर नाव हवं असतं. चाळीस वाट्यांची ऑर्डर होती. आत्या बाजारात गेली होती. मी वर होते. टिक टिक चाललं होतं आणि मग थांबलं, आणि काहीतरी पडल्याचा आवाज आला. वाटी पडली तर ती घरंगळत जाते, आवाज लांबत जातो. हा आवाज तसा नव्हता.

खाली आले तर तुम्ही पोत्याला टेकला होतात. थंडीचे दिवस, आणि तुमचा सदरा पाठीला चिकटलेला. हातोडी दूर पडली होती. मी तुमचा डावा हात धरला तर तो पाण्याच्या गुंडासारखा गार. तुम्ही तोंडाने श्वास घेत होतात आणि डोळे माझ्याकडे नव्हते, समोरच्या रस्त्याकडे होते, आत्या येते का बघत.

"मामाजी, आत्याले फोन करू?"

"नाई."

"ऑटो बोलावते, दवाखान्यात जाऊ."

"संक्रांत होऊ दे. मंग जाऊ."

"मी आत्याले सांगनार आहे."

तुम्ही रस्त्यावरून नजर वळवलीत. माझी नावांची वही तिथेच वजनकाट्याजवळ पडली होती. तुम्ही ती बघितलीत.

"तुले माहं नाव पाह्यजे होतं ना ब्लॉगले?"

मी वहीवर हात ठेवला.

"घे. टाक. एकटंच टाक, तुह्या मनासारखं. पन हे आजचं तुह्यात-माह्यात. तिले सांगायचं नाई."

मामाजी, हे लिहिताना हात अडतो, पण खोडणार नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आनंद आला. प्रोजेक्ट द्यायला आठच दिवस उरले होते आणि माझ्याकडे नाव नव्हतं. तुमच्या कपाळावर घाम होता आणि मला नाव मिळालं म्हणून बरं वाटलं. भीती नंतर आली. ती आली तेव्हा मी हौ म्हणून बसले होते.

तुम्ही उठलात, तोंड धुतलंत, हातोडी शोधलीत. त्यानंतर केलेल्या वाट्यांवरची अक्षरं मी पुढे निरखून बघितली. एका 'र'ची शेपटी काठाकडे घसरली होती. ती वाटी तुम्ही ऑर्डरमध्ये न देता फळीच्या मागे सरकवून ठेवलीत. मी ते बघितलं आणि तुम्ही मला बघताना बघितलंत.

त्या आठवड्यात मी ब्लॉग काढला. वर मोठ्या अक्षरात मोतीराम. खाली तुमचा फोटो, मान खाली घालून नाव घालताना. पहिला लेख चिंचेने पितळ कसं उजळायचं यावर. सर म्हणाले, "नाव छान आहे. माणसाचं नाव असलं की विश्वास वाटतो." आत्याने साखर हातावर ठेवली. तिने शेजारच्या दोन घरी मोबाइल नेऊन दाखवला. रात्री नाही, दिवसाढवळ्या, मुद्दाम सगळ्या बाया असताना. मला म्हणाली, "मानसानं आयुष्यभर लोकायचे नावं टाकले, सोताचं कुठं टाकलं नाही. तुह्यासाठी टाकू देल्लं. तुह्यावर जीव आहे त्यायचा." मी चहाचे कप उचलून आत गेले.

तिसऱ्या आठवड्यात ब्लॉगवर कुणीतरी अनोळखी माणसाने खाली लिहिलं, "फार गुणी कारागीर असावेत. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो."

मी ते वाचलं तेव्हा खाली टिक टिक चालू होतं. तरीही मी जिन्यावरून वाकून बघितलं. तुम्ही बसला होतात. त्या माणसाने फोटो बघितला, वर एकटं नाव बघितलं, आणि कुणीही गृहीत धरलं असतं तेच धरलं. मला ते पुसायचं होतं, पण तुम्ही वर बघून विचारलंत, "काय झालं वो? तोंड काहून उतरलं?" आणि खोटं बोलायला सुचेना म्हणून मी वाचून दाखवलं.

तुम्ही हसलात. "पाहा! म्हनलं होतं ना मी?"

"मी पुसून टाकते."

"काहून पुसते? बिचाऱ्यानं मनापासून लिहिलं. उत्तर दे त्याले, म्हन मोतीराम धन्यवाद म्हनते."

मी पुसलंच. नाव बदलते असंही म्हणाले. तेव्हा तुम्ही हसायचं थांबलात. "देल्लेलं नाव वापस नाई घेत मी," म्हणालात आणि आवाज खाली आणून पुढे, "अन् तूही देल्लेला शब्द वापस नको घेऊ." त्यानंतर तो विषय आपल्यात कधी सरळ निघाला नाही. संक्रांत केव्हाच झाली होती. मी दवाखान्याची आठवण करून दिली. तुम्ही म्हणालात, लग्नसराई होऊ दे. दुसऱ्यांदा करून दिली तर तुम्ही आत्यासमोरच मोठ्याने विचारलंत, "काय वो, ब्लॉग कसा चालू आहे?" मी गप्प झाले. तुम्हाला ठाऊक होतं मी गप्प होईन.

तेव्हापासून मी वर बसून पुस्तक वाचत नव्हते, तुम्हाला ऐकत होते. टिक टिक थांबलं की मनात आकडे मोजायची. आधी दहाबारापर्यंत पोचायच्या आत पुन्हा सुरू व्हायचं. मग वीस. होळीच्या सुमाराला चाळीस. मी त्या आकड्यांवरून समजून घ्यायची की आज बरं आहे, आज बरं नाही. आत्या खाली भाजी चिरत असायची, तिच्याच घरातला हा आवाज रोज थोडा थोडा विरळ होत होता आणि तिला वाटायचं काम कमी झालं आहे. ती म्हणायचीसुद्धा, "या मशीनवाल्यायनं धंदा खाल्ला." मी मान हलवायची.

त्या दिवशी मी दोनशेपर्यंत मोजलं. शंभरावर उठायला हवं होतं. शंभरावर मला वाटलं, चहा घेत असतील. दीडशेवर वाटलं, गिऱ्हाईक असेल. मला जिना उतरायची भीती वाटत होती, एवढंच खरं आहे. तुम्ही पोत्याला टेकून बसला होतात. मांडीवर गुंड तसाच धरलेला. त्यावर घालायच्या नावाचं अर्धं झालं होतं. ते गिऱ्हाईक नंतर आलं आणि म्हणालं, राहू द्या, आम्ही असाच नेतो. नेला.

तुमच्यावर मला राग आहे, मामाजी. नऊ दिवसांत हे कुणापाशी बोलले नाही. सगळे म्हणतात, भाग्यवान माणूस, हातात हत्यार असताना गेला. मला वाटतं, तुम्ही मला ओळखून होतात. मी भित्री आहे, मला काहीतरी हवं आहे आणि ते दिलं की मी बोलणार नाही, हे तुम्हाला माझ्या बापापेक्षा जास्त कळलं होतं. तुम्ही मला नाव दिलं नाहीत, कामाला लावलंत. आणि तरीही त्याच तुम्ही माझ्या स्टीलच्या डब्यावर पहिल्या वर्षी न मागता नाव घातलं होतं, खाली 'मोतीराम यांजकडून', आणि म्हणाला होतात, "कॉलेजात हरवला तं वापस येईन." दोन्ही खरं आहे. त्यांतलं एक निवडता येत नाही मला.

तेरवीच्या वाट्या समोरच्या दुकानातून मशीनवर करून येणार आहेत. आत्याने कागदावर नाव लिहून दिलं, नुसतं नाव. दुकानदाराने विचारलं, "गाव?" ती म्हणाली, "नको."

इथवर लिहून मी वही मिटली आणि खाली गेले. आता पुढचं लिहिते आहे ते दुपारचं आहे.

आत्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "पेंटरले फोन नाही केला." ती म्हणाली, "काहून?" आणि मी सांगितलं. वाट्यांची दुपार, घाम, गार हात, वही, सगळं. तुम्ही काय म्हणालात ते तुमच्याच शब्दांत सांगितलं. मला बरं वाटलं होतं तेही सांगितलं. तिचं बोट तांदळातून फिरत राहिलं.

"कवाची गोष्ट ही?"

"संक्रांतीच्या आधीची. तू बाजारात गेली होती."

"म्हंजे दोन महिन्याच्या वर झाले."

"हौ."

"तू वर, मी खाली, तो दारात. अन् मलेच माहीत नाही." ती तुम्हाला कधी अरेतुरे करत नव्हती. आज केलं. सुपातला एक खडा तिने काढला, बघितला, पुन्हा सुपातच टाकला. मग विचारलं, "त्या दिवशी मी बाजारातून आली, तवा त्यायले काही म्हनलं होतं का मी? आठवते का तुले?"

"काही नाही म्हनलं तू. आली अन् चहा ठेवला."

"नक्की?"

"नक्की."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझी नजर मी खाली जाऊ दिली नाही.

"ते नाव त्यायनं खुशीनं नाही देल्लं मंग," ती म्हणाली. "काढ ते."

मी तिच्यासमोरच मोबाइल घेतला आणि काढलं. पुसायला दोन बोटंही लागली नाहीत. नाव गेल्यावर त्या जागी आपोआप दुसरे शब्द आले. आत्याने विचारलं, "आता काय लिहून आलं?"

"शीर्षक नाही, म्हनते."

"म्हंजे?"

"नाव नाही."

"राहू दे तसंच. तेरवी होऊ दे, मंग पाहू काय ठेवायचं ते." ती सूप घेऊन उठली. आत जाताना म्हणाली, "आज माह्याशी बोलू नको, प्रनाली. उद्या बोल."

आता मी पुन्हा वर आहे. खाली तिचा भांडी हलवल्याचा आवाज येतो आहे आणि मी तो मोजत नाही असं म्हणणार होते, पण मोजते आहे.

मामाजी, त्या दिवशी बाजारातून आल्यावर आत्या काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द आठवतं. पिशवी पायरीवर ठेवली, वाट्या तशाच पडलेल्या बघितल्या, तुम्हाला पुन्हा पोत्याला टेकलेलं बघितलं आणि अर्धवट हसून म्हणाली, "बसा, बसा. असेच बसल्या जागी जाल एक दिवस, अन् मले बाजारात कोनीतरी येऊन सांगन." तुम्हीही हसलात. तेरा वर्षांच्या पोरासारखे हसलात. आणि मग अगदी तसंच झालं. भाजी घेताना शेजारच्या बाईने तिला गाठून सांगितलं.

तिला यातलं काही आठवत नाही. तिने विचारलं आणि मी ते तिला दिलं नाही. आज मला गप्प राहायला कुणीही सांगितलं नव्हतं.